तांबीचं चित्र, अंतराचा मजकूर

(भागाचं लिखित रूप. बोलताना झालेले 'अं' आणि 'ॲक्च्युअली' गाळलेत. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज कोडिंग नाही, आणि नोकरी बदलायची की नाही हा आपला कायमचा विषयही नाही. आज बोलायचंय छपाईबद्दल. छपाई कसली, तर कुटुंब नियोजनाच्या फ्लिप चार्टची. आशाताई घरोघरी जाऊन बायकांशी बोलतात ना, तेव्हा समोर ठेवतात तो. हेडफोन शोधू नका. स्पीकरवरच ऐका, घरातल्यांच्याही कानावर पडू दे.

तर गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. तळोजा फेज वनमध्ये एका सोसायटीच्या ऑफिसात आम्ही आठ-नऊ जण बसलो होतो. टेबलावर टेबल कॅलेंडरसारखं उभं राहणारं एक जाडजूड प्रकरण. दोन आशाताई समोरासमोर. एक ताई खरोखरच्या ताई, आणि दुसऱ्या 'पेशंट' झालेल्या. रंगीत तालीम म्हणा. पहिली तीन पानं झाली, चौथं उलटलं. पेशंट झालेल्या ताई चित्राकडे बघून म्हणाल्या, "अहो ताई, हे इंग्रजी टी काढल्यासारखं काय आहे?" आणि समोरच्या ताई गंभीर चेहऱ्यानं वाचत होत्या, "हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी दंडावर घ्यायचं..."

सगळी खोली हसली. मी हसलो नाही, कारण फाईल माझी होती.

काय झालं होतं सांगतो, ऐकणाऱ्यांतले निम्मे लोक डोक्यावर हात मारतील. या चार्टला दोन तोंडं असतात. समोरच्या बाईला मोठं चित्र दिसतं, आणि आशाताईंना त्यांच्या बाजूनं मजकूर दिसतो: काय विचारायचं, काय सांगायचं, कधी दवाखान्यात पाठवायचं. आता घरातलं टेबल कॅलेंडर घ्या. पान उलटून मागे टाकलं की बाईसमोर चौथ्या कागदाची पुढची बाजू येते, आणि ताईंसमोर येते तिसऱ्या कागदाची पाठ. म्हणजे चौथ्या चित्राचा मजकूर तिसऱ्या कागदाच्या पाठीवर छापायला हवा. आणि पहिल्या चित्राचा मजकूर? तो स्टँडच्या पुठ्ठ्यावर. मी मात्र चौथ्या चित्राचा मजकूर चौथ्याच कागदाच्या मागे टाकला होता. स्क्रीनवर पीडीएफ बघताना सगळं अगदी जोडीजोडीनं, शिस्तीत. कागद हातात आला, उभा राहिला, आणि अख्खा चार्ट एका पानानं सरकला. बाई बघतेय तांबी, ताई सांगतायत अंतरा.

ऑफ बाय वन. बीटेकच्या पहिल्या वर्षाला शिकवलेली चूक. ऑफिसात ही चूक झाली असती तर टेस्टिंगमध्ये सापडली असती, तिकीट पडलं असतं, संध्याकाळपर्यंत मिटलं असतं. इथे छापलेल्या कागदाला पॅच जात नाही. तो कागद पिशवीत बसून कुणाच्या तरी घरी जातो.

मी यात आलो कसा? साधंच आहे. आमच्या भागात आशाताईंबरोबर काम करणारा एक छोटा गट आहे, त्यांना 'जरा पीडीएफ एडिट करून देणारा' कुणीतरी हवा होता. मला वाटलं, शनिवारची दोन तासांची भानगड. पाच महिने गेले.

आधी हे नीट सांगतो, की सरकारचं साहित्य नाही म्हणून आम्ही बसलो असं नव्हतं. मराठीत सरकारी पत्रकं आहेत, पोस्टर्स आहेत. अडचण तळोज्याची आहे. इथे एकाच मजल्यावर चार दारं आणि चार भाषा. एमआयडीसीत काम करणारी उत्तर प्रदेश-बिहारची कुटुंबं, मूळ गावांतले आगरी, तळोज्याच्या जुन्या वस्तीतली कोकणी मुसलमान कुटुंबं, सिडकोच्या लॉटरीत घर लागलेले घाटावरचे लोक. २०२३ च्या नोव्हेंबरात पेंधरपर्यंत मेट्रो सुरू झाली तेव्हापासून तर भाडेकरू रोज बदलतायत. अशा ठिकाणी पुस्तकी मराठीतला, मजकुरानं गच्च भरलेला चार्ट ताईंनी उघडला, की त्या तो वाचत नाहीत. त्या तो बंद करून तोंडी सांगतात. मग प्रत्येक ताईचं सांगणं वेगळं.

माझी पहिली सूचना काय असणार? ॲप. अर्थातच. ताईंनी मला दोन मिनिटांत गार केलं. एक म्हणाल्या, "दादा, फोन दाखवला की बाई फोनच बघते, किती हजाराला घेतला विचारते." दुसऱ्या म्हणाल्या ते जास्त महत्त्वाचं होतं. "बाईच्या फोनवर काही पाठवलं तर ते आधी नवरा बघतो, नाहीतर सासू. कागद मी दाखवते आणि पिशवीत घालून परत नेते. मागे काही राहत नाही." प्रायव्हसीवर मी आजवर ऐकलेल्या प्रेझेंटेशनांपेक्षा हे वाक्य भारी होतं. ॲप तिथेच संपलं.

मग नमुना कुठून आणायचा? जगात या कामाला एक मोठा आधार आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ यांनी मिळून २००५ मध्ये असाच एक दुतोंडी चार्ट काढला. त्यात मला आवडलेली गोष्ट ही, की तो साधनांच्या यादीपासून सुरू होत नाही. तो बाईला आधी विचारतो: तुम्ही आज कशासाठी आलात? आधीच काही मनात आहे का? मनात काही असेल तर त्याच पानावर जा, बाकीचं सगळं ऐकवत बसू नका. आणि हा चार्ट आपापल्या देशात बदलून घ्यावा हीच त्यामागची कल्पना होती. परवान्याचं म्हणाल तर संघटनेची आजची बरीचशी प्रकाशनं क्रिएटिव्ह कॉमन्सखाली येतात. धंद्यासाठी नसेल तर भाषांतर करता येतं, बदल करता येतात. पण त्यांचा लोगो वापरायचा नाही, आणि हे भाषांतर संघटनेनं केलेलं नाही हे छापायचं. ही अट मला फार रास्त वाटते. चूक झाली तर ती कुणाची, हे कागदावरच कळतं.

आम्ही तो चार्ट जसाच्या तसा मराठीत आणला नाही. पद्धत घेतली, मजकूर आपल्याकडे सरकारी दवाखान्यात काय मिळतं त्यावर बेतला. निरोध, माला-एन, छाया, अंतरा, तांबी, दोन्ही नसबंद्या, आणि तातडीची गोळी. प्रत्येक पान पनवेलच्या एका स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासलं, आणि लाल पेन अजिबात हातचं राखून वापरलं नाही.

आता भाषेचं बोलू. माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

पहिल्या पानावर आम्ही भाबडेपणानं लिहिलं होतं: 'तुम्ही सध्या कुटुंब नियोजन करता का?' ताई म्हणाल्या, हे विचारलं की बाई म्हणेल, नाही हो, मला अजून एक मूल हवंय. का? कारण बोलण्यात 'फॅमिली प्लॅनिंग केलं' याचा अर्थ ऑपरेशन झालं असा होतो. आठवून बघा, आपल्या घरातही असंच म्हणतात. 'तिचं फॅमिली प्लॅनिंग झालंय.' म्हणजे ज्या शब्दात सगळी साधनं मावायला हवीत, तो शब्द एका ऑपरेशनपुरता उरलाय. आणि उगाच नाही उरला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची २०१९-२१ ची फेरी बघा: देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांची नसबंदी झालेली. नवऱ्याची नसबंदी झालीय असं सांगणाऱ्या ०.३ टक्के. दशांश चिन्ह चुकलेलं नाही, शून्य पूर्णांक तीनच. शब्द आकड्यांच्या मागून चालतात ते असे.

शेवटी प्रश्न झाला: 'पुढचं बाळ कधी हवंय? का आता नकोच?' एवढाच. यात नियोजन नाही, निरोधन नाही, कुटुंबसुद्धा नाही. पण या प्रश्नावर बायका बोलायला लागतात.

याच्या उलट, मराठीनं एक शब्द असा काही दिलाय की सलाम करावा. तांबी! कॉपर टीला कुणी तरी कधी तरी तांबी म्हटलं आणि ते बसलं. तांब्याची म्हणून तांबी, लहानशी म्हणून तांबी. ऐकूनच कळतं की ही छोटी वस्तू आहे, घरातली वाटते. तुलनेला 'गर्भाशयांतर्गत गर्भनिरोधक साधन' घ्या. हे वाचून बाई तर सोडाच, मी घाबरलो. पण तळोज्यात तांबी एकट्यानं चालत नाही. हिंदी बोलणाऱ्या बायकांना कॉपर टी हाच शब्द माहीत. म्हणून चित्राखाली दोन्ही शब्द, तेवढ्याच टायपात.

चित्रांचं तर विचारू नका. पुस्तकातली गर्भपिशवीची आकृती आहे ना, नुसतीच हवेत तरंगणारी? ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा एक बाई म्हणाली, "हे बोकडाचं डोकं का काढलंय?" एकदा ऐकलं की तुम्हालाही तेच दिसणार, माझं तसंच झालंय. मग आम्ही आधी अख्खी बाई काढली, साडीतली, आणि पोटाच्या जागी आत काय आहे ते दाखवलं. दुसऱ्या पानावरची बाई ओढणी घेतलेली, तिसऱ्यावरची बुरख्यातली. कुणाच्या गळ्यात मंगळसूत्र आहे, कुणाच्या नाही. यावर अर्धा तास चर्चा झाली होती, की मंगळसूत्र नसलेली बाई दाखवली तर कुणी हरकत घेईल का. एका ताईंनी ती संपवली: "तळोज्यातल्या निम्म्या बायका कुठे घालतात? चोरी होते म्हणून काढूनच ठेवतात."

(खऱ्या बायकांबरोबरच्या बैठकींना मी नव्हतो, हे सांगून टाकतो. मी असलो असतो तर त्या बोलल्याच नसत्या. मला नंतर टिपणं मिळायची.)

भाषेवरनं एक फाटा फोडतो, कारण ही गोष्ट माहीत नसेल तर पुढचं कळणार नाही. मराठीत हे काम पहिल्यांदा करणारा माणूस गणिताचा प्राध्यापक होता. रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. १९२१ साली, म्हणजे लंडनमध्ये मेरी स्टोप्सनं आपला दवाखाना उघडला त्याच वर्षी, यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. विल्सन कॉलेजातली नोकरी या कामापायी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ मध्ये वारले तोपर्यंत चालवलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मधल्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले. हरले, दंड झाला, मासिक चालूच. अमोल पालेकरांचा 'ध्यासपर्व' हा २००१ चा सिनेमा त्यांच्यावरच आहे, सापडला तर बघा.

माझ्यासारख्याला त्यात काय भावलं, तर ज्या गोष्टी त्या काळच्या छापील मराठीत कुणी नीट बोलतच नव्हतं, त्या त्यांनी मराठीत लिहून काढल्या. आणि वाचक निर्णय घेऊ शकतो असं गृहीत धरून लिहिल्या.

पुढे सरकारनं काम हाती घेतलं. १९५२ मध्ये देशाचा कार्यक्रम सुरू झाला, जगातला पहिला. लाल त्रिकोण आला, 'आम्ही दोन, आमचे दोन' आलं. इथे सूर बदलला. आता कागद विचारत नव्हता, सांगत होता. आणि मग १९७६. आणीबाणीच्या त्या एका वर्षात देशात ८० लाखांहून जास्त नसबंद्या झाल्या, बहुतेक पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळानं तर तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. १९७७ मध्ये सरकार बदललं आणि 'कुटुंब नियोजन' हे नावच बदलून 'कुटुंब कल्याण' केलं गेलं. शब्द एवढा भाजला होता. सरकारी दवाखान्यावर 'कुटुंब कल्याण' अशी पाटी दिसते ना, ती तेव्हाची आहे.

पुरुषांवरची सक्ती गेली, शिबिरं राहिली, आणि ती बायकांकडे वळली. जानेवारी २०१२ मध्ये बिहारच्या अररिया जिल्ह्यात एका शाळेत रात्री टॉर्चच्या उजेडात दोन तासांत ५३ बायकांची ऑपरेशनं झाली. त्यावरून देविका बिस्वास यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. १४ सप्टेंबर २०१६ ला निकाल आला: तीन वर्षांत शिबिरं बंद करा. त्याच निकालात आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या आमच्या टेबलावर रोज होत्या. एक, ऑपरेशनचे परिणाम बाईला तिला समजणाऱ्या भाषेत सांगायचे, आणि ते सांगितल्याच्या प्रमाणपत्रावर समुपदेशकाचीही सही हवी. दुसरी, सगळं सांगून झाल्यावर तिला तासाभराचा वेळ द्यायचा. कशासाठी? मन बदललं तर. न्यायालयानं मन बदलण्यासाठी घड्याळ लावून वेळ दिलाय, हे मला फार ग्रेट वाटतं. ऑपरेशनच्या पानावर आम्ही ते लिहिलंय. 'ऐकून झालं? आता तासभर बसा. नको वाटलं तर उठून जा.'

आणि यावरूनच आमचं सगळ्यात मोठं भांडण झालं. ऑपरेशनच्या पानावरून नाही, तांबीच्या.

तांबीच्या पानावर मी एक ओळ घातली होती, ताईंच्याच सांगण्यावरून. 'तांबी कधीही काढता येते. काढायला कारण सांगावं लागत नाही.' मसुदा फिरवल्यावर या क्षेत्रात बरीच वर्षं काढलेल्या एका गृहस्थांनी कळवलं, पहिलं वाक्य ठेवा, दुसरं काढा. त्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं. तांबी बसवल्यावर सुरुवातीला पोटात दुखतं, पाळीला जास्त जातं. बहुतेकींचं काही महिन्यांत बरं होतं. कारण न सांगता काढता येते असं छापलं तर पहिल्याच महिन्यात सगळ्या येतील काढायला, आणि मग दिवस गेले की तुम्हीच जबाबदार.

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर मला ते पटायला लागलं होतं. बोलल्या त्या ताई, ज्यांनी ओळ सुचवली होती. त्यांनी सांगितलं, त्यांच्या वस्तीतली एक बाई तीन वेळा तांबी काढायला गेली. दर वेळी 'काही होत नाही, सवय होईल' म्हणून परत पाठवली. चौथ्यांदा ती दवाखान्यात गेलीच नाही, कुठल्या तरी बाहेरच्या बाईकडून काढून घेतली आणि आजारी पडली. त्यानंतर त्या गल्लीत एकही बाई तांबीचं नाव काढू देत नाही. "काढता येते म्हटलं की बसवतात," ताई म्हणाल्या. "काढू देत नाहीत म्हटलं की कोण बसवेल?"

दोन्ही वाक्यं राहिली. त्यांच्यावर आम्ही एक तिसरं घातलं, त्या गृहस्थांच्या मुद्द्यासाठी: 'पहिले काही महिने पाळीला जास्त जाऊ शकतं. त्रास झाला तर थांबू नका, येऊन दाखवा.' पान आधीपेक्षा चांगलं झालं, हे त्यांनीही मान्य केलं.

अंतराच्या पानावर उलटा प्रकार. तिथे एक माहिती होती, पण तळाला, बारीक टायपात: इंजेक्शन बंद केल्यावर पुन्हा दिवस जायला साधारण शेवटच्या इंजेक्शनपासून ७ ते १० महिने लागतात. आता ज्या बाईला पुढच्या वर्षी मूल हवंय, तिच्यासाठी ही तळटीप आहे का? तिच्यासाठी तोच मथळा आहे. वर आणली. तसंच पाळी अनियमित होते, कधी थांबतेही. हे आधी सांगितलं नाही तर बाईला वाटतं दिवस गेले, किंवा रक्त आत साठतंय. दोन्हींची भीती खरी असते.

छायाची गोळी. ही आपल्याच देशातली, लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, हार्मोनची नाही. अंगावर पाजणाऱ्या आईला चालते, जिला पहिले सहा महिने माला-एन द्यायची नसते. पण घ्यायची कशी? पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. मी हे वाक्य स्वच्छ लिहिलं आणि मला वाटलं झालं. वाचून दाखवल्यावर एकीनं सांगितलं, "म्हणजे दोन आठवड्यांतून एकदा." एकदा, दोनदा, आठवडा, सगळे शब्द तिनं ऐकले होते, फक्त क्रम बदलला होता. मग वाक्य काढलं आणि वार छापले. रविवारी सुरू केली तर रविवार आणि बुधवार. सोमवारी केली तर सोमवार, गुरुवार. त्यावर लगेच पुढचा प्रश्न, गुरुवारी उपास असतो, उपासाला गोळी चालते का? रमजानचंही तेच. डॉक्टरबाईंनी सांगितलं, चालते, संध्याकाळी जेवल्यावर घ्या. हे जगातल्या कुठल्या चार्टमध्ये असणार?

आता छापखाना. इथे मी पुन्हा माझ्या मैदानात आलो असं मला वाटलं, आणि पुन्हा तोंडावर पडलो.

मी सगळं युनिकोडमध्ये केलेलं. छापखान्यातल्या दादांच्या सॉफ्टवेअरला युनिकोड झेपत नव्हतं. त्यांनी मजकूर त्यांच्या जुन्या फाँटमध्ये बदलून घेतला. हे जुने फाँट कसे चालतात माहितेय? आतमध्ये इंग्रजी अक्षरांचे कोड, वरून मराठी मुखवटा. बदल करताना एखादा कोड सापडला नाही, की अक्षर गायब किंवा भलतंच. पहिल्या प्रुफात 'दुसऱ्या' चं 'दुसर्या' झालं होतं, ते तर कुणालाही दिसतं. पण अंतराच्या पानावर 'दर ३ महिन्यांनी' मधला ३ गळाला होता. उरलं 'दर महिन्यांनी'. वाक्य तुटलेलं वाटतच नाही! मी तीनदा वाचून पुढे गेलो होतो, कारण तीन मला पाठ होता. डोळा जे माहीत असतं तेच वाचतो. सापडलं एका नव्या ताईला, जिला ते पाठ नव्हतं. "दर महिन्याला टोचायचं का दादा?"

त्या दिवसापासून आमचा नियम झाला: प्रत्येक आकडा अंकातही आणि अक्षरातही. '३ (तीन) महिन्यांनी'. चेकवर लिहितो तसं. दोन्ही एकदम गळायची शक्यता कमी. ऑफिसात याला आम्ही रिडंडन्सी म्हणतो, माझी आजी चेक लिहिताना रीत म्हणायची. आणि फाईल द्यायची तर अक्षरांचे आकार करून, म्हणजे छापखान्याच्या मशीनला ती अक्षरं वाटतच नाहीत, चित्र वाटतं. मग तिकडे फाँट कुठलाही असो.

कागदाबद्दल पटकन सांगतो. चकचकीत लॅमिनेशन करू नका. ट्यूबलाइट त्यात दिसते आणि चित्र दिसत नाही. मॅट करा. पिशवीत पाण्याची बाटली आणि छत्री असते, म्हणून लॅमिनेशन कडेपेक्षा जरा बाहेर सोडायचं, नाहीतर कोकणातला पावसाळा कडेनं आत शिरतो. चाळीस प्रतींसाठी ऑफसेटच्या प्लेट परवडत नाहीत, डिजिटल करा. पहिली फक्त एकच प्रत काढा, उभी करा, आणि पानं उलटून बघा. हे कुणी सांगतंय ते तुम्हाला माहीतच आहे.

एक पान मात्र चार्टमध्ये बसलंच नाही. पुरुष नसबंदीचं. ताई म्हणाल्या, "पान छान आहे, पण दाखवू कुणाला? मी जाते तेव्हा तो शिफ्टला असतो. आणि घरी असला तर मी आले की बाहेर जातो." खरंच आहे. ०.३ टक्क्यांत थोडा वाटा १९७६ च्या भीतीचा असेल, थोडा मर्दानगीच्या गैरसमजाचा, पण थोडा असाही असेल की त्याला कुणी कधी विचारलंच नाही. म्हणून ते पान काढून एक घडीचं कार्ड केलं, एटीएम कार्डाएवढं. बिनटाक्याची, अर्ध्या तासात घरी. ताकद जात नाही, संबंधात फरक पडत नाही. पण त्यानंतर तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं.

कार्ड पोचवायचं कसं? एका ताईंनी बायकांना सांगितलं, डब्यात ठेवा. पोळीच्या वरती, फॉइलमध्ये गुंडाळून. एमआयडीसीतल्या एखाद्या कँटीनमध्ये डबा उघडल्यावर त्या माणसाचं काय झालं असेल, याचा विचार करून आम्ही खूप हसलो. बरीचशी कार्डं तिकडेच कचऱ्यात गेली असणार. एक परत आलं. मागच्या कोऱ्या बाजूला बॉलपेननं हिंदीत लिहिलेलं: तीन महिने का थांबायचं, ऑपरेशन कच्चं असतं का?

प्रश्न बरोबर होता. आम्ही थांबायला सांगितलं होतं, का ते लिहिलं नव्हतं. उत्तर साधं आहे: नस बांधली तरी पुढच्या भागात आधीचे शुक्रजंतू शिल्लक असतात, ते संपायला वेळ लागतो. डॉक्टरबाईंनी दोन ओळींत लिहून दिलंय. पण कार्डावर दोन ओळींची जागा नाही. टाइप बारीक करायचा की त्यावरचा हसणारा माणूस काढायचा, यावर सध्या आमच्या ग्रुपवर वाद चालू आहे. मी हसणारा माणूस काढा या बाजूचा आहे. तो मीच काढलेला आहे, आणि ताईंच्या मते तो दातांच्या डॉक्टरची जाहिरात वाटतो.